जोडीदाराच्या व्हिसाची मुलाखत: नागपूर सोडण्यापूर्वी करायची तयारी

अमेरिकी नागरिक असलेल्या पतीकडे किंवा पत्नीकडे कायम राहायला जाणाऱ्या नागपूरकराची मुलाखत सामान्यतः मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. बोलताना आपण सगळेच ‘एम्बसीची अपॉइंटमेंट’ म्हणतो. दूतावास मात्र दिल्लीला चाणक्यपुरीत आहे. त्यामुळे मुलाखतीच्या पत्रावरचे ठिकाण स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याखेरीज तिकीट काढू नये. खिडकीसमोरचे बोलणे बहुतेकदा काही मिनिटांतच संपते, परंतु त्या काही मिनिटांत एखादा दाखला कमी पडला किंवा नावातले एक अक्षर चुकीचे निघाले, तर ते दुरुस्त करायला आठशेहून अधिक किलोमीटर परत येऊन महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात रांगेत उभे राहावे लागते. मुंबईकराला विसरलेला कागद दुपारी नेऊन देता येतो, आपल्याला नाही. म्हणून नागपुरात राहणाऱ्याने कागद नागपुरातच पुरे करावेत आणि मुंबईला फक्त बोलायला जावे, असे मी ही तयारी करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आग्रहाने सांगतो.

सर्वप्रथम आपला व्हिसा नेमका कोणता, हे घरातल्या सर्वांना कळले पाहिजे. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर अर्ज ‘निकटच्या नातेवाइका’च्या वर्गात मोडतो आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नसते. जोडीदाराकडे फक्त ग्रीन कार्ड असेल तर तो एफ-२ए हा वेगळा वर्ग आहे. तिथे दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख येण्याची वाट पाहावी लागते. जोडीदार एच-१बी वर नोकरीला गेलेला असेल तर मिळतो तो एच-४, म्हणजे अवलंबितांचा तात्पुरता व्हिसा, आणि त्याची कागदपत्रे पुष्कळच सुटसुटीत असतात. शेजारच्या मुलीला ‘आठ दिवसांत व्हिसा मिळाला’ असे ऐकून आपल्याकडे वर्ष का लागते, या विचाराने अनेक घरांत विनाकारण ताण निर्माण होतो. दोन वेगळ्या व्हिशांची तुलना होत असते, एवढेच त्याचे कारण असते. पुढील सर्व मजकूर पहिल्या वर्गाविषयी आहे.

मुलाखतीपर्यंतचा रस्ता थोडक्यात असा. अमेरिकेतील जोडीदार आय-१३०, म्हणजे आपले नाते तिथल्या सरकारकडून मान्य करून घेण्याचा अर्ज भरतो. १ एप्रिल २०२४ पासून त्याचे शुल्क कागदी अर्जाला ६७५ आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर आहे. तो मंजूर झाल्यावर प्रकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते आणि मुंबईच्या प्रकरणांना ‘बीएमबी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. हा क्रमांक एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण यापुढे प्रत्येक ठिकाणी तो विचारला जाईल. त्यानंतर ३२५ आणि १२० डॉलर अशी दोन शुल्के भरायची, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, दाखले स्कॅन करून चढवायचे, आणि केंद्राने ते पूर्ण ठरवल्यावर मुलाखतीची तारीख येते. स्कॅन चढवले म्हणून मूळ कागदाचे काम संपत नाही. खिडकीवर मूळ प्रतीच दाखवाव्या लागतात.

नावे

माझ्या अनुभवात सर्वाधिक खोळंबा नावांमुळे होतो, आणि त्याचे कारण आपल्या रूढीत आहे. मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग वडिलांचे नाव असते. लग्नानंतर मधले नाव पतीचे होते, आडनाव बदलते, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नावच पुढे आधार कार्डावर चढते. त्यात भर म्हणजे देवनागरीतला ‘व’ इंग्रजीत कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. वानखेडे, गावंडे, वासनिक ही आपल्याकडची नित्याची आडनावे एकाच माणसाच्या दोन दाखल्यांवर दोन प्रकारे लिहिलेली मी कितीदा तरी पाहिली आहेत.

माझ्या भाचीच्या वेळी हेच घडले. तिच्या पासपोर्टवर आडनाव डब्ल्यूने होते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हातात आले तेव्हा त्याच्या मराठी भागात सर्व बरोबर होते, म्हणून कार्यालयात कोणीच इंग्रजी भाग वाचला नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट, जन्मदाखला आणि ते प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून तिच्या आईने बोट ठेवत एकेक अक्षर वाचायला घेतले, तेव्हा व्ही दिसला. दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि चार हेलपाटे यांत जवळपास महिना गेला. परंतु तो महिना मुलाखतीच्या आधीचा होता, म्हणून निभावले. तेव्हापासून मी सांगत आलो आहे की कोणताही दाखला हातात पडला की खिडकी सोडण्यापूर्वी, तिथेच उभे राहून, पासपोर्ट समोर धरून इंग्रजी अक्षरे वाचावीत. मागे रांग आहे म्हणून संकोच करू नये.

पासपोर्टवरचे नाव हा आधार मानावा आणि बाकी सर्व कागद त्याच्याशी ताडून पाहावेत. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर केवळ व्हिसासाठी तो बदलण्याची गरज नसते. विवाह प्रमाणपत्र दोन्ही नावांतला दुवा असतेच. अर्ज अर्ध्यावर असताना मात्र पासपोर्टवरचे नाव बदलू नये, कारण मग आय-१३० एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने अशी अवस्था होते. डीएस-२६० मध्ये ‘वापरलेली इतर नावे’ असा रकाना आहे. माहेरचे नाव, सासरचे नाव, राजपत्रात जाहीर केलेले नाव, आधार कार्डावर चढलेले नवे नाव, जे जे कोणत्याही सरकारी कागदावर आले असेल ते सर्व तिथे लिहावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही, परंतु न लिहिलेले नाव नंतर एखाद्या दाखल्यावर दिसले तर लपवल्यासारखे वाटते.

विवाहाचे प्रमाणपत्र आणि विवाहाची तारीख

भटजींनी किंवा संस्थेने दिलेले प्रमाणपत्र पुरेसे नाही. सरकारी विवाह निबंधकाचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार विवाहानंतर ९० दिवसांच्या आत ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा अर्ज, दाखल करणे अपेक्षित आहे. उशीर झाला तरी दंड भरून नोंदणी होते. नागपूर शहरात हे काम महानगरपालिकेच्या झोन कार्यालयांत चालते. वधू-वर, तीन साक्षीदार, विधी करणाऱ्याची सही आणि लग्नपत्रिका यांची जुळवाजुळव करावी लागते, आणि अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला वर परत जाण्यापूर्वी ती करावी लागते. साक्षगंधाच्या याद्या करतानाच साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रे ठरवून ठेवणारे कुटुंब शहाणे म्हणावे. विवाह बौद्ध पद्धतीने झाला असेल तरी नोंदणी याच रीतीने होते. भिन्नधर्मीय जोडप्याने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग घेतला असेल तर ३० दिवसांची नोटीस हिशेबात धरूनच वराच्या विमानाचे तिकीट काढावे.

प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात: विवाह झाल्याची आणि नोंदणी झाल्याची. अर्जात विवाहाची तारीख विचारलेली असते तिथे पहिली लिहायची. खरा प्रश्न उभा राहतो तो, कागद लवकर सुरू व्हावेत म्हणून आधी नोंदणी पद्धतीने विवाह करून, विधी आणि स्वागत समारंभ आठ-दहा महिन्यांनी करणाऱ्यांचा. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा विवाह नोंदणीच्या दिवशीच झालेला असतो आणि अर्जात तीच तारीख जाते. परंतु समजा नोंदणी फेब्रुवारीत आणि विधी डिसेंबरमध्ये झाले, तर घरातले सगळे डिसेंबरच्या विधींनाच ‘लग्न’ म्हणत असतात. अशा वेळी मुलीने स्पष्ट सांगावे की नोंदणी विवाह फेब्रुवारीत झाला, विधी डिसेंबरमध्ये झाले आणि मधल्या काळात ती माहेरीच राहत होती. हे उत्तर सरळ आहे आणि खरे आहे. याउलट, प्रश्न येताच गोंधळून आधी एक आणि मग दुसरी तारीख सांगितली, तर खऱ्या संसारावरही शंका घेतली जाते.

तारखांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. आय-१३० मध्ये महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला जातो. आपल्या सवयीने ३ डिसेंबरची तारीख ०३/१२ अशी लिहिली की ती १२ मार्च होते. अर्ज जोडीदाराने तिकडे भरला असला तरी त्याची पूर्ण प्रत मागवून इथल्या माणसाने ती वाचलीच पाहिजे.

आधीचा विवाह झालेला असेल तर न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला लागतो, आणि तो दोघांपैकी ज्याचा ज्याचा आधीचा विवाह असेल त्या प्रत्येकासाठी. जातपंचायतीसमोर स्टॅम्प पेपरवर लिहिलेली फारकती हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही. नक्कल मिळायला वेळ लागतो. तिचा अर्ज सर्वांत आधी टाकावा.

जन्मदाखला, पोलीस दाखला आणि बाकीचे

जन्मदाखल्यावर स्वतःचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आई-वडील दोघांची नावे हवीत. आपल्याकडे जुन्या नोंदींत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, फक्त ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, कारण नोंद दवाखान्यातून झाली आणि बारसे नंतर. असा दाखला असेल तर ज्या ठिकाणी नोंद आहे तिथे, मग ती महानगरपालिका असो की काटोल-उमरेडकडची एखादी ग्रामपंचायत, चौकशी आजच सुरू करावी. नोंदच नसेल तर तसे लेखी ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ घ्यावे आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. जे कागद केवळ मराठीत आहेत त्यांचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या अचूकतेच्या लेखी ग्वाहीसह, सोबत ठेवावे. या व्हिसासाठी भारतीय दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरण्यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण, लागत नाही. कोणी एजंट त्यासाठी हजारो रुपये मागत असेल तर ते पैसे वाचवावेत.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यायचे असते. पोलीस ठाण्याने दिलेला चारित्र्याचा दाखला चालत नाही. अर्ज ऑनलाइन करून, ५०० रुपये भरून पासपोर्ट सेवा केंद्रात जावे लागते, आणि पासपोर्टवरचा पत्ता व राहता पत्ता वेगळा असेल तर पोलीस पडताळणीत दिवस जातात. वयाच्या १६ वर्षांनंतर दुसऱ्या देशात १२ महिने किंवा अधिक राहिलेल्या व्यक्तीला त्या देशाचाही पोलीस दाखला आणावा लागतो. दुबईला दीड वर्ष नोकरी करून आलेल्यांच्या हे शेवटपर्यंत लक्षात येत नाही.

डीएस-२६० मध्ये १६ व्या वर्षापासूनचे सर्व पत्ते आणि गेल्या पाच वर्षांतील सोशल मीडियाची खाती विचारली जातात. नागपुरातले पत्ते प्लॉट क्रमांक, ले-आउट आणि सोसायटी अशा तुकड्यांत असतात, आणि पुण्यातल्या वसतिगृहाचा पत्ता तर कोणालाच आठवत नाही. एका रविवारी आईवडिलांसोबत बसून ही यादी वहीत तयार करावी, मगच संगणकासमोर बसावे.

आर्थिक जबाबदारीचा आय-८६४ हा अर्ज अमेरिकेतील जोडीदाराचा आहे. त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या तक्त्यानुसार दोन माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. उत्पन्न कमी पडत असेल तर दुसरा सहप्रायोजक घेता येतो. इथल्या सासऱ्यांच्या मुदत ठेवींच्या पावत्यांची चळत नेल्याने ही अट आपोआप पूर्ण होत नाही.

वैद्यकीय तपासणी

ही तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होत नाही. दूतावासाने मान्यता दिलेल्या ठरावीक डॉक्टरांकडेच ती करावी लागते आणि मुलाखतीपूर्वी अहवाल तयार होतील इतके दिवस हाताशी ठेवावे लागतात, म्हणून नागपूरकराला मुंबईच्या दोन फेऱ्या किंवा एक लांब मुक्काम धरूनच चालावे लागते. व्हिसाची मुदत सामान्यतः या तपासणीच्या तारखेशी बांधलेली असते, त्यामुळे ती फार आधी उरकणेही तोट्याचे आहे. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड शोधून ठेवावे. गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांसारख्या लशींची नोंद नसेल तर त्या पुन्हा घ्यायला सांगतात.

पूर्वी क्षयरोग झालेला असेल तर ते कधीही लपवू नये. उपचार पूर्ण केल्याचा कागद आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म सोबत न्याव्यात. एक्स-रेत संशय आला तर थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. या आठ आठवड्यांत घरातले लोक घाबरून जातात, पण हा नकार नसतो, केवळ थांबणे असते. मुलीला धीर देण्याची खरी वेळ हीच आहे.

नात्याचा पुरावा आणि मुलाखत

फाइलमध्ये शंभर फोटो नकोत, वीस-पंचवीस पुरेत. साक्षगंध, हळद, मुख्य विधी, दोन्हीकडची माणसे एकत्र असलेला एखादा फोटो, लग्नानंतरच्या भेटी. प्रत्येकाच्या मागे तारीख, ठिकाण आणि फोटोतील माणसांचे नाते पेन्सिलने लिहावे. लॉनवरच्या स्टेजवर दोघेच उभे असलेले पंधरा फोटो एकसारखेच असतात. त्याऐवजी सासूबाई सुनेची ओटी भरत आहेत असा एक फोटो अधिक सांगून जातो. विमानाची तिकिटे, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, विम्यातील वारस म्हणून नाव, आणि वेगवेगळ्या महिन्यांतील संभाषणांची मोजकी पाने ठेवावीत.

अधिकारी प्रथम उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यायला लावतात. इंग्रजीत अडखळत असाल तर हिंदीत किंवा मराठीत बोलण्याची विनंती सुरुवातीलाच करावी. त्यात कमीपणा नाही. प्रश्न साधारणपणे असे असतात: स्थळ कोणी आणले, पहिली भेट कुठे झाली, विवाहाला किती लोक होते, पती काय काम करतात, कुठल्या गावात आणि कोणासोबत राहतात, त्यांना भाऊ-बहिणी किती, तुम्ही नंतर कधी भेटलात. ठरवून केलेल्या लग्नात पहिल्या भेटीनंतर महिन्याभरात अक्षता पडणे आपल्याकडे नवलाचे नाही. तसेच सांगावे, म्हणजे आत्याने स्थळ सुचवले, दोन महिने रोज फोनवर बोललो, ते रजेवर आले तेव्हा साक्षगंध आणि लग्न एकाच फेरीत केले. उत्तरे पाठ करून जाऊ नयेत, कारण पाठ केलेले उत्तर क्रम बदलला की तुटते. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात दोघांनी फोनवर सगळा अर्ज एकदा एकमेकांना वाचून दाखवावा. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ‘मला नक्की माहीत नाही’ एवढेच म्हणावे. अंदाजाने सांगितलेला पगार अर्जाशी जुळला नाही तर ते निस्तरणे कठीण जाते. जाणूनबुजून खोटे सांगणे किंवा बनावट कागद देणे याची शिक्षा कायमच्या अपात्रतेपर्यंत जाते, म्हणून ‘एवढे चालते’ असे सांगणाऱ्या कोणाचेही ऐकू नये.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मुंबईत पोचणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसवर किंवा दुरांतोवर विसंबून राहू नये. किमान एक दिवस आधी पोचावे आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जवळपास उतरावे. मोबाइल, बॅग, स्मार्ट घड्याळ आत नेता येत नाही, आणि ते सांभाळायला कोणी तरी सोबत असणे बरे. हातात फक्त पारदर्शक फाइल असावी: मुलाखतीचे पत्र, डीएस-२६० चे पुष्टिपत्र, प्रवेशाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट, दोन बाय दोन इंचांचे फोटो, मूळ दाखले आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स. मागितलेला कागद लगेच काढून देता यावा, एवढ्यासाठी फाइल कोणी लावून दिली असली तरी आदल्या रात्री ती स्वतः पुन्हा लावावी.

मुलाखत झाल्यावर पासपोर्ट ठेवून घेतला तर शुभ चिन्ह समजावे. कलम २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर काही कागद किंवा तपास बाकी आहे असा त्याचा अर्थ असतो. मागितलेले कागद एक वर्षाच्या आत द्यायचे असतात. तोपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये आणि तिकीट काढू नये. व्हिसा हातात आल्यावर २३५ डॉलरचे इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरावे, आणि वैद्यकीय तपासणीत एक्स-रेची सीडी दिली असेल तर ती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवावी. शेवटी कॅलेंडर पाहावे: अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचेच मिळते आणि ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज, भरावा लागतो. दोन वर्षे पूर्ण व्हायला आठवडाभरच उरला असेल, तर व्हिसाची मुदत पाहून तेवढे दिवस माहेरी थांबून जावे. कार्ड दहा वर्षांचे मिळेल.